कंडक्टरचं वाद्य कोणतं? एका चुकलेल्या संशोधन-प्रश्नाची गोष्ट



"विषय ठरलाय, पण प्रश्न सापडत नाही." पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. माझीही होती. फरक एवढाच की मला ते कळलंच नव्हतं. प्रश्न सापडलाय असं समजून मी चाळीस पानं लिहून मोकळा झालो होतो.

माझ्या पहिल्या मसुद्यातलं पहिलं वाक्य असं होतं: 'झुबिन मेहता हे जागतिक कीर्तीचे ऑर्केस्ट्रा कंडक्टर कसे झाले, याचा अभ्यास करणे हा प्रस्तुत संशोधनाचा उद्देश आहे.' गाईड मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "या माणसाचं वाद्य कोणतं?" बाकीच्या पानांवर एकही खूण नाही.

मी म्हटलं, सोपं आहे, डबल बास. व्हिएन्नात ते तेच वाजवायला शिकले. मॅडम म्हणाल्या, "ते वाजवून ते प्रसिद्ध झाले का? मग कोणतं?" मी गप्प. आजची पोस्ट त्या गप्प बसण्याबद्दल आहे. तुमचा विषय संगीत नसला, अगदी सहकारी साखर कारखाने किंवा स्त्री-शिक्षण असला, तरी शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्या सिनॉप्सिसला विचारायचे तीन प्रश्न दिले आहेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवातला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, आणि कंडक्टर म्हटलं की एसटी. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद. त्यात साधारण ऐंशी-नव्वद वादक असतात. व्हायोलिनपासून ट्रम्पेटपर्यंत प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त त्याच्या वाद्यापुरती लिहिलेली स्वरलिपी असते. सगळ्यांचं सगळं एकत्र लिहिलेली वही, म्हणजे स्कोअर, फक्त कंडक्टरपुढे असते. तो लय धरतो, कुणी कधी यायचं ते खुणावतो, कुणाचा आवाज वर राहील आणि कुणाचा खाली हे ठरवतो. यातलं बहुतेक काम तालमीत होतं. आपण कार्यक्रमाला पाहतो ते त्या कामाचं फळ.

आता आपल्या गायकाशी तुलना करा. गायक पहाटे उठून तानपुरा लावतो आणि रियाज करतो. गरीब असेल, गुरूपासून लांब असेल, तरी गळा त्याच्याजवळ असतो. कंडक्टरचं तसं नाही. तो घरी बसून स्कोअर वाचू शकतो, पियानोवर वाजवून पाहू शकतो, आरशासमोर हात हलवू शकतो. पण ज्याच्यावर हात बसवायचा ते वाद्य म्हणजे ऐंशी जिवंत माणसं. त्यांना पगार द्यावा लागतो, हॉल लागतो, वेळ ठरवावी लागते, आणि अनोळखी पोराच्या हातवाऱ्यांवर वाजवायला ती तयारही व्हावी लागतात.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. कंडक्टरचं वाद्य म्हणजे दुसरी माणसं. एकदा हे मान्य केलं की 'तो कसा शिकला' हा प्रश्न आपोआप बदलतो आणि 'त्याला वाद्यवृंदापर्यंत कुणी पोहोचू दिलं' असा होतो. पहिल्या प्रश्नाला चरित्रकार पुरतो, दुसऱ्याला इतिहासकार लागतो.

हा धंदा आला कुठून?

स्वतंत्र कंडक्टर ही तशी अलीकडची गोष्ट आहे. अठराव्या शतकात रचनाकार स्वतः हार्प्सिकॉर्डपाशी बसून किंवा पहिला व्हायोलिनवादक गजाने खुणा करून वाद्यवृंद चालवत असे. एकोणिसाव्या शतकात वादक वाढले, रचना गुंतागुंतीच्या झाल्या आणि काहीही न वाजवता फक्त चालवणारा माणूस लागू लागला. मेंडेल्सोनने १८३५पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची सूत्रं घेतली आणि तिथे ही पद्धत रुजली. बर्लिओझने १८५५च्या सुमाराला वाद्यवृंद चालवण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, वाग्नरने १८६९मध्ये याच विषयावर निबंध लिहिला. एखाद्या कामावर पुस्तकं निघू लागली की समजायचं, आता तो व्यवसाय झाला.

इथे एक थांबा घेऊ, कारण साधनांची चिकित्सा शिकवायला यासारखं उदाहरण नाही. लुई श्पोर हा जर्मन व्हायोलिनवादक १८२०मध्ये लंडनला फिलहार्मोनिक सोसायटीच्या निमंत्रणावरून गेला. त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या आत्मचरित्रात मोठा नाट्यमय प्रसंग आहे: त्याने खिशातून छडी काढली, लोक हादरले, आणि वादन ऐकल्यावर विरोध मावळला. पुढे कित्येक पुस्तकांत हे जसंच्या तसं उतरलं. मग कुणीतरी १८२०ची वृत्तपत्रं आणि श्पोरचं त्या वेळचं लेखन काढून पाहिलं. छडीने उडालेल्या खळबळीचा तिथे मागमूस नाही. जाहीर कार्यक्रमात तो व्हायोलिन हातात घेऊनच पुढारपण करत होता असं दिसतं. छडी वापरली असलीच तर तालमीत. श्पोर खोटारडा होता असं म्हणायची गरज नाही. त्याने ते म्हातारपणी लिहिलं, तोवर छडी जिंकली होती आणि त्या विजयात आपला वाटा कुणाला नको असतो? धडा एवढाच: आत्मचरित्र हे ज्या काळाबद्दल लिहिलं त्याचं साधन तर असतंच, पण ज्या काळात लिहिलं त्याचंही असतं.

मालरची शिडी

मग एकोणिसाव्या शतकात कंडक्टरला वाद्य मिळायचं कुठे? जर्मन भाषिक मुलखात गावोगावी दरबारी आणि नगरपालिकेची नाट्यगृहं होती. तरुण माणसाने छोट्या नाट्यगृहात चिकटायचं, गायकांना पियानोवर पाठ करून घ्यायचं, हलकेफुलके ऑपेरेटा चालवायचे आणि एकेक पायरी वर जायचं.

गुस्ताव मालरचा प्रवास तारखांसकट पाहा. व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत तो पियानो आणि रचना शिकला. १८८०च्या उन्हाळ्यात बाड हाल या छोट्या गावातलं ऑपेरेटाचं नाट्यगृह. मग लायबाख (आजचं ल्युब्लियाना), १८८३मध्ये ओल्म्युट्झ, त्याच वर्षी कासल, १८८५मध्ये प्राग, १८८६पासून लाइपझिग, १८८८मध्ये बुडापेस्ट, १८९१मध्ये हॅम्बुर्ग आणि १८९७मध्ये व्हिएन्नाचं दरबारी ऑपेरागृह. सतरा वर्षांत नऊ गावं. हेच त्याचं विद्यापीठ.

पण शेवटच्या पायरीवर फक्त कौशल्य पुरलं नाही. मालर ज्यू होता आणि दरबारी ऑपेराचं ते पद ज्यू माणसाला मिळणं जवळपास अशक्य होतं. फेब्रुवारी १८९७मध्ये त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि त्याच वर्षी नेमणूक झाली. शिडी सगळ्यांसाठी दिसत असली तरी प्रत्येक पायरीशी कुणीतरी उभं असतं, ते असं.

आता मुंबई

झुबिन मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६चा, मुंबईतला. त्याच्या आदल्याच वर्षी वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. माझ्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य 'कौटुंबिक पार्श्वभूमी' या मथळ्याखाली दोन ओळींत संपलं होतं. मॅडमच्या प्रश्नानंतर ते प्रकरणाच्या मध्यभागी आलं. संगीताची आवड असलेलं घर आणि वाद्यवृंद असलेलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे! लहान वयातच हा मुलगा वडिलांच्या तालमींना बसू लागला आणि सोळाव्या वर्षापर्यंत तालमीत पूर्ण वाद्यवृंद चालवू लागला. त्या वयाच्या किती मुलांना हे वाद्य हाताळायला मिळालं असेल?

वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडून १९५४मध्ये अठराव्या वर्षी ते व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत गेले. तिथे शिक्षक होते हान्स स्वारोव्स्की. त्यांचा भर अभिनयावर नव्हता. रचना कशी बांधली आहे, किती मात्रांचे गट पडतात, एका भागाची लय दुसऱ्याशी कशी जुळते, हे स्कोअरमधून काढा; हात कमीत कमी हलवा. क्लाउडिओ अब्बाडो त्याच वर्गात होते आणि मारिस यान्सन्स पुढे याच गुरूकडे शिकले.

पण वर्गात वाद्यवृंद रोज थोडाच मिळतो? तेव्हा मेहतांनी काय काय केलं ते पाहा. डबल बास वाजवला, म्हणजे वाद्यवृंदात बसून दुसरे कंडक्टर समोरून पाहता आले. अब्बाडोसोबत ते व्हिएन्नाच्या सिंगफेराइन या गायनसंघात दाखल झाले, कारण ब्रुनो वॉल्टर आणि कारायान यांच्या तालमी बाहेरच्यांना पाहता येत नसत, गाणाऱ्यांना मात्र येत. १९५६च्या उन्हाळ्यात इटलीतल्या सिएना इथल्या वर्गात अब्बाडो आणि डॅनिएल बॅरेनबॉइम सोबत होते. त्याच वर्षी हंगेरीतला उठाव चिरडला गेला, निर्वासित ऑस्ट्रियात आले, तेव्हा मेहतांनी काही दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि निर्वासितांच्या छावणीत कार्यक्रम केला. त्या छावणीतल्या माणसांसाठी ते संगीत होतं. विद्यार्थी कंडक्टरसाठी ती, निर्दयपणे बोलायचं तर, वाद्य हाती येण्याची संधीही होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि प्रबंधात दोन्ही लिहाव्या लागतात.

१९५८मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. बक्षीस काय होतं? तिथल्या वाद्यवृंदाकडे वर्षभर सहायक कंडक्टरची जागा. म्हणजे बक्षीस म्हणून वाद्यच मिळालं. पुढे १९६१मध्ये युजीन ऑर्मंडी येऊ न शकल्याने इस्रायल फिलहार्मोनिकसमोर उभं राहायची संधी आली. त्या नात्याची अखेर २०१९मध्ये निवृत्तीने झाली. १९६१मध्येच माँट्रियलचं संगीत-संचालकपद आलं. त्याच सुमाराला लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकच्या व्यवस्थापनाने त्यांना सहायक नेमलं, पण नियोजित संचालक जॉर्ज शोल्टी यांना विचारलंच नाही. शोल्टींनी रागाने राजीनामा दिला आणि १९६२मध्ये सव्विसाव्या वर्षी ते पद मेहतांकडे आलं.

यात प्रतिभा नाही असं मी म्हणत नाही, कृपया गैरसमज नको. बदली कंडक्टर म्हणून उभं राहिल्यावर वादकांनी पुन्हा बोलवावं लागतं, आणि ते कुणी ओळखीवर बोलवत नाही. मुद्दा असा की प्रतिभा दिसायलाही आधी ऐंशी माणसं समोर बसावी लागतात.

त्याच शहरातली दुसरी माणसं

आता तो भाग, ज्याच्यामुळे माझा विषयच बदलला.

बॉम्बे सिंफनीत व्हायोलिन-ट्रम्पेट वाजवायला माणसं आली कुठून? त्यातली पुष्कळ गोव्याची होती. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावातली साधी पोरं पाश्चात्त्य स्वरलिपी सहज वाचत, आणि नोकरीसाठी मुंबई गाठत. ताजसारखी हॉटेलं, जाझचे बँड, सिंफनी आणि हिंदी सिनेमाचे स्टुडिओ, अशी एकाच माणसाची रोजीरोटी चार ठिकाणी विभागलेली असे.

स्टुडिओत साठ-सत्तर वादकांसाठी संगीतकाराची चाल वाद्यागणिक लिहून काढायची आणि ध्वनिमुद्रणाला उभं राहून ती चालवायची, हे काम अरेंजर करायचा. सेबॅस्टियन डिसूझा फाळणीआधी लाहोरला हॉटेलात बँड चालवत होते. मुंबईला आल्यावर शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं वाद्यवृंदाचं काम त्यांनी केलं. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८मध्ये, म्हणजे मेहता लिव्हरपूलची स्पर्धा जिंकत होते त्याच वर्षी, गोन्साल्विस मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करत होते. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायची त्यांची धडपड होती. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. बहुतेकांना गोन्साल्विस हे नाव आठवतं ते १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या अमिताभच्या गाण्यामुळे. गुरूचं नाव त्या गाण्यात पोहोचलं ते शिष्यामुळे, प्यारेलाल यांच्यामुळे. त्या नावाचा खरा माणूस वाद्यवृंदाचा कंडक्टर होता हे किती जणांना माहीत असतं?

दोन्हीकडे काम तेच: स्कोअर समोर, माणसं समोर, हात वर. पण एकीकडे छापील कार्यक्रमपत्रिका, परीक्षणं, करार, ध्वनिमुद्रिकांवर ठळक नाव आणि शेवटी आत्मचरित्र. दुसरीकडे सिनेमाच्या श्रेयनामावलीत अरेंजरचं नाव अनेकदा नाहीच, आणि उरल्या त्या वादकांच्या आठवणी. त्यामुळे या माणसांचा इतिहास मुख्यतः मुलाखतींतून लिहिला गेला, तोही ती थकल्यावर. मी ज्याला 'मोठेपणा' समजून मोजत होतो, त्यातला काही भाग कागदपत्रांच्या जाडीचा होता.

ही गोष्ट फक्त मुंबईची आहे असं समजू नका. अँटोनिया ब्रिकोने बर्लिनच्या संगीत अकादमीत कंडक्टिंगचं रीतसर शिक्षण १९२९मध्ये पूर्ण केलं आणि १९३०मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक चालवला. शिक्षण उत्तम, सुरुवात त्याहून उत्तम. तरी अमेरिकेत कुठल्याही मोठ्या वाद्यवृंदाने तिला कायमची जागा दिली नाही. शेवटी १९३४मध्ये न्यूयॉर्कला तिने स्त्रियांचा वाद्यवृंद स्वतःच उभा केला. नंतर ती डेन्व्हरला स्थायिक होऊन शिकवू लागली. मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाचं संचालकपद स्त्रीला मिळायला २००७ साल उजाडलं, बाल्टिमोरला मॅरिन ऑल्सॉपच्या रूपाने. कंडक्टरचं शिक्षण मिळणं आणि कंडक्टरला वाद्य मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडलेला नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता ते तीन प्रश्न. तुमच्या विषयातली एखादी मोठी व्यक्ती घ्या, तिच्या आयुष्यातल्या तारखा एका कागदावर उभ्या लिहा आणि प्रत्येक तारखेसमोर हे भरा:

१. त्या दिवशी 'वाद्य' कुणी पुरवलं? म्हणजे जागा, पैसे, माणसं, परवानगी कुणाची होती?

२. ती घटना आपल्याला कळते ती कुठल्या कागदामुळे? तो कागद कुणी, कधी आणि का तयार केला? श्पोरची छडी आठवा.

३. त्याच दारापाशी त्याच सुमाराला आणखी कोण उभं होतं? ते आत गेलं का? नसेल, तर त्याची नोंद कुठे सापडेल?

तिसरा रकाना बहुतेकदा कोरा राहतो. घाबरू नका. माझ्या अनुभवात खरा विषय त्या कोऱ्या रकान्यातच असतो.

माझं पहिलं वाक्य आता असं आहे: '१९३५ ते १९६५ या काळात मुंबईत वाद्यवृंद चालवण्याचं शिक्षण आणि संधी कुणाला, कुठे आणि कुणाच्या ओळखीने मिळत होती, याचा शोध घेणे.' झुबिन मेहता त्यात आहेतच, पण ते उत्तर म्हणून नाहीत, एक वाट म्हणून आहेत. बाजूला डिसूझा आहेत, गोन्साल्विस आहेत, आणि ज्यांची नावं मला अजून मिळायची आहेत ते मागच्या रांगेतले वादक आहेत. त्यातल्या हयात माणसांचं वय बघता मुलाखतींचं काम आधी आणि ग्रंथालयाचं नंतर, असा क्रम मी उलटा करून घेतला. ग्रंथालय थांबतं, माणसं थांबत नाहीत.

मसुदा परत दिला तेव्हा मॅडमनी काय लिहिलं असेल? पुन्हा पेन्सिल, पुन्हा एकच ओळ: "आता वाद्य लागलं. वाजवायला घ्या."

तुमचा कागद भरून झाला की तिसऱ्या रकान्यात काय आलं ते नक्की कळवा.